काय काय बंद केलंत?

पगारे मॅडमकडे मान घेऊन आलेल्या माणसाला 'कुठे दुखतंय' हा प्रश्न पहिल्यांदा कधीच विचारला जायचा नाही. माणूस मानेवर हात ठेवून, चेहरा पाडून आत यायचा, खुर्चीत टेकता टेकता 'आई गं' म्हणायचा. मॅडम हातातला चहाचा ग्लास बाजूला सारायच्या आणि अगदी घरातल्या माणसाची चौकशी करावी तशा विचारायच्या, "बरं. काय काय बंद केलंत?"

समोरचा गडबडून जायचा. त्याने दुखण्याची सगळी कहाणी पाठ करून आणलेली असायची. कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं, फोटोत काय निघालं, कुणाच्या मेव्हण्याला असंच होऊन पुढे काय झालं, सगळं तयार. आणि ही बाई भलतंच विचारते. मग हळूहळू एकेक बाहेर यायचं. गाडी चालवणं बंद केलं. उशी बंद केली. केस विंचरताना मान वाकवत नाही. नातवाला उचलत नाही. लग्नाकार्याला जात नाही, कारण जेवायला खाली बसावं लागतं. मॅडम ऐकत राहायच्या, मधे एक शब्द बोलायच्या नाहीत. यादी संपली की म्हणायच्या, "मानेपेक्षा ही यादीच मोठी झाली की हो. हिच्यापासूनच सुरुवात करू."

मी मूळची नाशिकच्या इंदिरानगरची. फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि सातपूरला, कारखान्यांच्या अगदी कडेला असलेल्या एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात नोकरीला लागले. आईला वाटलं होतं पोरगी काचेच्या दारांच्या एसी हॉस्पिटलात जाईल. मी गेले ते पत्र्याच्या शेडखाली स्कूटी लावून, पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटरसायकलींतून वाट काढत. फिजिओथेरपी विभाग म्हणजे एक लांबलचक खोली, पडद्यांनी पाडलेले तिचे तुकडे, आणि तीन माणसं. विभागप्रमुख निर्मला पगारे मॅडम, मदतनीस सिंधू मावशी आणि मी.

मॅडम बुटक्या, चष्म्याला दोरी, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात चक्क पळायचे बूट. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. त्यांच्या ते लक्षात आलं. "दिवसभर उभं राहायचंय, चपला घालून मिरवायला मी काय हळदीकुंकवाला आलेय का?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मलाही तसेच बूट घेऊन यायला लावले. त्यांचे वडील इथल्याच एका कंपनीत फिटर होते. सातपूरच्या कामगार वस्तीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. पेशंट दारातून आत येतानाची चाल बघून तो प्रेसवर काम करतो की वेल्डिंग, हे त्या मला हळूच सांगायच्या. निम्म्या वेळा चुकायच्या, पण चुकलं की स्वतःच खळखळून हसायच्या.

त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. मानेच्या दुखण्यावर जगभरात जे काही नवं संशोधन व्हायचं, ते त्या शोधून शोधून वाचायच्या. मुलीकडून छापून घ्यायच्या, पिवळ्या पेनाने रेघा मारायच्या, आणि दर गुरुवारी दुपारी डबा खाताना आम्हाला मराठीत सांगायच्या. आम्हाला म्हणजे मला आणि सिंधू मावशींना. नियम असा होता की मावशींना झोप लागली, तर सांगणाराला विषय कळलेला नाही. मावशींना भाकरी पोटात गेली की डुलकी यायचीच, त्यामुळे मॅडमना दर वेळी परीक्षा. एकदा मी मोठ्या उत्साहाने एक पेपर सांगायला घेतला. पहिल्या दोन वाक्यांतच मावशींची मान छातीवर. मॅडम म्हणाल्या, "अगं, आता ही मान आखडली तर आपल्यालाच बघावी लागेल. सोपं कर."

तर या वाचनातून त्यांच्या जिवाला एक घोर लागला होता. इतकी वर्षं आम्ही लोक मानेला जे करत आलो, त्यातलं बरंचसं फार काळ टिकणारं नाही, हे त्यांना पटायला लागलं होतं. शेक द्या, करंट लावा, वजन लावून मान ओढा, गळ्यात पट्टा घाला, विश्रांती घ्या. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, माणूस घरी जातो, आठवड्याने परत येतो. उलट मान हलवायला शिकवली, थोडी थोडी ताकद आणली, मनातली भीती काढली आणि माणसाला त्याच्या कामाला लावलं, तर बहुतेकांचं भागतं. हे सगळं पेपरात छान लिहिलेलं होतं. आता ते सातपूरच्या माणसाला कसं सांगायचं, हे काही कुठल्या पेपरात सापडत नव्हतं.

कारण आमच्याकडे येणारा माणूस मुळी म्हणायचाच, "लाइट घ्यायला आलोय." आडवं पडायचं, मशीन गुंगुं करायचं, मावशींनी वेळ झाली की हाक मारायची. याला म्हणतात ट्रीटमेंट. 'भिंतीला टेकून उभे राहा आणि हनुवटी मागे घ्या' याला कोण ट्रीटमेंट म्हणेल? त्यात प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे, लग्नाच्या पत्रिकेसारखा जपून आणलेला. "मॅडम, मणक्यात गॅप हे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या स्वप्नात येतं.

मॅडमनी यावर एक नामी युक्ती काढली. स्वतःच्या मानेचा जुना एक्स-रे घरून आणला. त्यांची मान फोटोत अशी दिसायची की बघणाराने हाय खावी. झीज, वाढलेली हाडं, सगळं यथासांग. आणि बाईंना दुखत मात्र काहीच नव्हतं. पहिला मासा गळाला लागला तो प्रेसवर काम करणारा सोनवणे. त्याचा आणि स्वतःचा, असे दोन फोटो मॅडमनी दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, यातली दुखणारी मान कुठली? सोनवणेने बिनचूक मॅडमच्या फोटोवर बोट ठेवलं. मॅडम विजयी मुद्रेने म्हणाल्या, ही माझी, आणि मला काही होत नाही. फोटोत झीज दिसते म्हणजे दुखणारच असं नाही, हे त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. तो मान डोलावत गेला. आम्ही दोघी खूश.

दुसऱ्या दिवशी सोनवणे आला तो हातात तेलाची बाटली घेऊन. त्याच्या बायकोने माहेरून मागवलेलं कसलंसं औषधी तेल होतं. म्हणाला, "मॅडम, रात्रभर झोप नाय आली. तुमची मान लय बेकार हाय. हे लावा, मी पुन्हा आणून देतो." स्वतःच्या मानेची काळजी होतीच, वर आता मॅडमच्याही मानेची. मी हसून हसून बेजार. मॅडम हसल्या नाहीत. तेल घेतलं, आभार मानले, आणि तो गेल्यावर पेटीचा दिवा बंद केला. मग फोटो उतरवून कपाटात टाकला. "घाबरलेल्या माणसाला आणखी एक भुताचा फोटो दाखवला मी," म्हणाल्या. "ह्याला पुरावा नको होता गं. ह्याला मान हलवून काही होत नाही, हे स्वतः बघायला हवं होतं." त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं आणि करून घेणं वाढलं.

मंजुळाबाई आठवतात. पेठकडच्या डोंगरातल्या. भातकापणी आटोपली की नवरा-बायको नाशकात बांधकामावर यायचे. मान आणि खांदा दुखायला लागला म्हणून कुणीतरी त्यांच्या गळ्यात पट्टा घातला आणि सांगितलं, डोक्यावर आता काही घ्यायचं नाही. घमेलं उचललं नाही तर बांधकामावर बाईला कोण ठेवणार? काम गेलं. नवरा कामावर जायचा आणि मंजुळाबाई ताडपत्रीच्या पालात दिवसभर मान ताठ धरून बसायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना वळून मागे बघायचं असलं तर त्या अख्ख्या वळायच्या.

मॅडमनी त्यांना नीट तपासलं, हाताला मुंग्या, ताकद, सगळं बघितलं. धोक्याचं काही नव्हतं. मग पट्टा थोडा थोडा वेळ काढून ठेवायला लावला, मानेचे आणि खांद्याचे व्यायाम सुरू केले. आणि एक दिवस सिंधू मावशींना पाठवून शेजारच्या बांधकामावरून चक्क एक घमेलं मागवलं. त्यात घालायचं काय? वाळू आणली असती तर मावशींनी राजीनामा दिला असता. मॅडमनी कपाट उघडलं आणि आपले ते पिवळ्या रेघांचे छापील कागद घमेल्यात घातले. मंजुळाबाईंनी पदराची चुंबळ केली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. पुढच्या खेपेला थोडे आणखी कागद. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडे. इतकं मोठमोठ्या लोकांनी केलेलं संशोधन, आणि ते सातपूरला घमेल्यातून चाललंय. मी आपली बाजूने चालायचे, न जाणो पडलं तर म्हणून.

शेवटी कपाट रिकामं झालं तेव्हा मंजुळाबाई वळल्या, फक्त मान वळवून, आणि मॅडमना म्हणाल्या, "तुमचं कागुद लय जड हाय, मॅडम. शिमिट बरं." तेव्हा मॅडम जे हसल्या! डोळे पुसत पुसत हसल्या. मंजुळाबाई पुढच्याच आठवड्यात कामावर गेल्या. दुखणं पूर्ण थांबलं नव्हतं, मान अधूनमधून दुखायची. पण आता दुखली की त्या बसून राहत नव्हत्या.

आता सगळं असंच गोड चाललं होतं असं नाही. काय सांगू, लोक चिडायचे. 'मशीन लावत नाहीत, नुसते हात वर-खाली करायला लावतात' म्हणून पलीकडच्या चौकातल्या करंटवाल्याकडे जायचे. मॅडमनी पडदे काढून टाकले, खाटा कमी केल्या, चटया अंथरल्या, भिंतीला आरसा लावला. खोली मोकळी झाली आणि पेशंट गेल्याने आणखीच मोकळी झाली. सकाळच्या वेळी आम्ही तिघी त्या लांब खोलीत एकमेकींची तोंडं बघत बसायचो. मावशी सरळ म्हणायच्या, मॅडम, थोडा लाइट दाखवा ना लोकांना, काय बिघडतं? मॅडम चटया झटकत राहायच्या.

आणि त्या खोलीत एक मशीन असं होतं, जे हटवायची कुणाची टाप नव्हती. खिडकीखालचं मान ओढायचं मशीन. त्यावर पितळी पाटी, आमच्या ट्रस्टचे ज्येष्ठ विश्वस्त भास्करअण्णा यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ. दसऱ्याला कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते तशी आमच्याकडेही व्हायची, आणि पहिला हार या मशीनला. अण्णा स्वतः नारळ फोडायचे. त्यांच्या आईची मान शेवटची काही वर्षं फार दुखायची. बाजारात भाजीच्या जुड्या बांधून तिने पोरांना वाढवलं होतं. त्या वेळी अण्णांचं वर्कशॉप नुकतंच उभं राहत होतं, आईला घेऊन दवाखान्यात जायला त्यांना सवड झाली नाही. ती गेली आणि मग अण्णांनी हे मशीन दिलं. हे त्यांनीच एका दसऱ्याला पेढे वाटता वाटता सांगितलं होतं. म्हणून मॅडमनी बाकी सगळी खोली बदलली, पण ते मशीन जागचं हलवलं नाही. हातात कळा उतरणाऱ्या एखाद्या पेशंटला उपयोग होईल असं वाटलं, तर त्या ते लावायच्याही. पण बहुतेक दिवस त्यावर पांढरी चादर असायची.

ती चादर एक दिवस अण्णांनी बघितली.

अण्णा रागावले की आवाज चढवत नसत, हळू बोलत. त्या दिवशी इतकं हळू बोलत होते की मावशींनी पंखा बंद केला. अण्णांच्या स्वतःच्या गळ्यातही पट्टा होता, कितीतरी महिन्यांचा. म्हणाले, विभागात माणूस दिसत नाही, विश्वस्त मंडळात प्रश्न येतायत. आईच्या नावाचं मशीन प्रेतासारखं झाकून ठेवलंय. येत्या बैठकीपर्यंत एक तर पूर्वीसारखं सगळं सुरू करा, नाहीतर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. मॅडमची सगळी हयात या खोलीत गेलेली.

मॅडम म्हणाल्या, तुमच्याच मानेवर बघू. मी ती पट्ट्यातून सोडवली तर खोली अशीच ठेवायची, नाही जमलं तर मी स्वतः पडदे लावते. अण्णांनाही इरेला पडायची सवय. ते लगेच खुर्चीत बसले.

"काय काय बंद केलंत, अण्णा?"

अण्णांनी सांगायला सुरुवात केली. गाडी बंद, पोहणं बंद. मग जरा हसून म्हणाले, सहीसुद्धा बंदच झाल्यात जमा आहे, बँकवाले चेक परत पाठवतात, सही जुळत नाही म्हणतात. वय झालं. सदऱ्याची बटणं सूनबाई लावून देते.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडमचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी अण्णांना मूठ भराभर उघड-बंद करायला सांगितली. बोटं मागे राहात होती. एका रेषेत पाऊल लावून चालायला सांगितलं, तर अण्णांनी तोल जाऊन आरसा धरला. गुडघ्यावर हातोडी टेकवली तशी पाय ताडकन उडाला. मॅडमनी हातोडी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"अण्णा, हे माझ्या व्यायामाचं काम नाही. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब येतोय असं मला वाटतं. आजच्या आज एमआरआय करायचा आणि सर्जनना दाखवायचं."

अण्णांनी गळ्यातला पट्टा चाचपला. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याने होत नाही."

"नाही होत," मॅडम म्हणाल्या.

बस्स, एवढंच. मला इतका राग आला! अहो, निदान सांगा तरी की अशी मान हजारात एखादी असते, की बाकीच्यांचं सगळं खरंच आहे, की पैज यामुळे हरत नाही. काही नाही. त्या फोनवर सर्जनची वेळ घेत होत्या. अण्णा गेल्यावर मी भांडलेच त्यांच्याशी. तेव्हा त्यांनी मला कपाटातला एक कागद काढून दाखवला. ज्या पेपरात 'माणसाला घाबरवू नका, हलतं ठेवा' असं लिहिलं होतं, त्यातच आधी लिहिलं होतं की हे सगळं करण्यापूर्वी, ज्याला याची नव्हे तर ऑपरेशनची गरज आहे असा माणूस तुमच्या हातून सुटू देऊ नका. तिथे त्यांनी पिवळी नाही, लाल रेघ मारली होती. "सोयीचं तेवढं वाचायचं नसतं," म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि मावशींना म्हणाल्या, पडदे धुवायला टाका, बहुतेक परत लावावे लागतील. त्यांचे डोळे भरून आले होते. मला माझा राग गिळावा लागला.

अण्णांचं ऑपरेशन झालं. आणखी थोडे महिने गेले असते तर चालणं अवघड झालं असतं, असं सर्जन म्हणाले. हात अगदी पहिल्यासारखा झाला नाही, पण पुढचं नुकसान थांबलं, बटणं लागायला लागली, आणि सही बँकेने मान्य केली. पडदे काही लागले नाहीत. बैठकीत तो विषयच कुणी काढला नाही. अण्णांनी काढू दिला नाही, असं मागाहून कळलं. सर्जननी परवानगी दिल्यावर अण्णा सकाळी येऊन चटईवर व्यायाम करायला लागले. विश्वस्तच हात वर-खाली करताना दिसले म्हटल्यावर दारातून डोकावून परत जाणारी माणसं आत यायला लागली. सोनवणे आपल्या पाळीतल्या चौघांना घेऊन आला. पुढे पुढे सकाळी चटया पुरेनात. त्या खोलीत लोक एकमेकांच्या यादीची चौकशी करायचे, आज काय सुरू केलं म्हणून. इतकी वर्षं मी काम करतेय, पण तितकी हसरी खोली मी पुन्हा कुठे बघितली नाही.

मग मॅडमची निवृत्ती आली.

निरोप समारंभ खालच्या हॉलमध्ये होता. शाल, श्रीफळ, बटाटेवडे, सगळं रीतसर. मॅडम पहिल्यांदाच बूट सोडून चपला घालून आल्या होत्या आणि सारख्या त्यांच्याकडे बघत होत्या. अण्णा बोलायला उभे राहिले. आज मी माझ्या हाताने सही करतो ती या बाईंमुळे, म्हणाले आणि डोळे पुसले. सगळ्यांचे डोळे ओले झाले. मग अण्णांनी सांगितलं, मॅडमच्या गौरवार्थ आमच्या कुटुंबातर्फे विभागाला एक छोटीशी भेट आहे, आणि आम्हाला सगळ्यांना वर घेऊन गेले.

लांब खोलीच्या दाराला फीत लावली होती. आत चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या, आरसा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आणि खोलीच्या मधोमध एक भलंमोठं परदेशी मशीन. खाट त्यातच, पडदा त्यातच, हिरवे-निळे दिवे, मान-पाठ-कंबर सगळं आपोआप ओढणारं. झेंडूचा हार. आणि पाटी, 'श्रीमती निर्मला पगारे यांच्या गौरवार्थ'. त्या मशीनच्या भोवती चटई अंथरण्याइतकीही जागा उरली नव्हती.

मी कपाळाला हात लावला. या माणसाला मशीनने वाचवलं नव्हतं. मशीन न लावल्यामुळे तो वाचला होता. आणि त्याने प्रेमाने, डोळ्यांत पाणी आणून, मॅडमचं सगळं आयुष्य एका खाटेखाली दाबून टाकलं होतं.

टाळ्या वाजल्या. मॅडमनी हात जोडले, फीत कापली, अण्णांना नमस्कार केला. चारचौघांत अण्णांचा शब्द खाली पडू देणाऱ्या त्या नव्हत्या. लोक वड्यांसाठी खाली गेले. मी मॅडमची पर्स विभागातच राहिली म्हणून थोड्या वेळाने परत वर आले, आणि दारातच थांबले. आत ते दोघंच होते.

मॅडम म्हणत होत्या, "आईंच्या नावाचं मशीन मी कधी हलवलं नाही, अण्णा. ते नाव तुमचं होतं. हे नाव माझं आहे. माझ्या नावाखाली ही खोली बंद होऊ देऊ नका."

अण्णांनी आधी भिंतीकडे तोंड केलेल्या आरशाकडे बघितलं, मग गुंडाळलेल्या चटयांकडे. रोज सकाळी ते ज्या जागी उभे राहायचे, तिथे आता त्या खाटेचा पाय होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मला बघवलं नाही. आईसाठी मशीन आणायचं म्हणून आणलं, आणि आता मॅडमसाठीही तेच. देण्यासारखं दुसरं काही असतं, हे त्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी सावकाश हार काढला, घडी करून खिडकीत ठेवला. आणि मशीनला दोन्ही हात लावून दाराकडे ढकलायला लागले.

"अहो, तुम्ही काय करताय? ऑपरेशन झालंय तुमचं," मॅडम घाबरून म्हणाल्या.

"मान तुम्ही वाचवलीत. ती काय कपाटात ठेवू?" अण्णा म्हणाले.

मग मॅडमनी अंगावरची शाल काढून खाटेवर टाकली, चपला भिरकावल्या, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने जोर लावला. मशीन तसूभरही हललं नाही, कारण चाकांचे ब्रेक लागलेले होते. दोघांनाही ते माहीत नव्हतं. ती दोन म्हातारी माणसं लाल होईपर्यंत ढकलत होती आणि एकमेकांना 'तुम्ही राहू द्या हो' म्हणत होती. मी आत गेले, खाली वाकून बघितलं आणि एकेक ब्रेक पायाने सोडला.

खाली कुणीतरी मॅडमना फोटोसाठी हाका मारत होतं. अनवाणी मॅडम एका हाताने दार धरून, दुसऱ्या हाताने आपलं नाव असलेलं ते मशीन खोलीबाहेर ओढत होत्या.